मुरगूडची दुपार

मुरगुडात सूर्य दक्षिणोत्तर रेषेवर येतो, दिवसाची सावली सर्वांत आखूड होते, तेव्हा मनगटावरच्या घड्याळात बारा केव्हाच वाजून गेलेले असतात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १२ वाजून ४७ मिनिटं झालेली असतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, दिवाळीच्या आगेमागे, १२ वाजून १७. वर्षाची सरासरी काढली तर १२ वाजून ३३. बाराच्या ठोक्याला या गावात खरी दुपार वर्षातल्या एकाही दिवशी होत नाही.

कारण साधं आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची; ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. वेदगंगेकाठचं, कागल तालुक्यातलं मुरगूड साधारण ७४.२ अंशांवर. मधलं अंतर सव्वाआठ अंशांहून थोडं जास्त. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे मिर्झापूरच्या माथ्यावरचा सूर्य मुरगूडच्या माथ्यावर यायला ३३ मिनिटं लागतात. ही ३३ मिनिटं मुरगूडची स्वतःची आहेत. निपाणीची थोडी वेगळी, कोल्हापूरची थोडी वेगळी, मुंबईची ३९.

गावाची स्वतःची वेळ दाखवणारं घड्याळ एकच: सूर्यघड्याळ. ते उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही. मुरगूडसाठी कोरलेलं सूर्यघड्याळ सोलापुरात ठेवलं तर रेखांशापायी सुमारे सात मिनिटं चुकेल, काशीत ठेवलं तर त्याचा कोनच चुकेल. आपल्या चौकांत पुतळे आहेत, कमानी आहेत, कारंजी आहेत, तोफा आहेत. प्रत्येकामागे गावाचा काहीतरी अभिमान आहे. मग ज्या वस्तूत गावाचा अक्षांश आणि रेखांश दोन्ही कोरावे लागतात, ती वस्तू आमच्या भागातल्या चौकांत का नसावी, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे. सूर्यघड्याळ नुसतं शोभेचं शिल्प म्हणून उभारलं तर ते काय हरवतं आणि नीट गणित करून उभारलं तर काय देतं, हे समजून घ्यायला मी उज्जैनला गेलो. आणि नंतर आपल्याच जिल्ह्यात फिरलो.

आधी त्या प्रमाणवेळेबद्दल. आज ती आपल्याला हवेइतकी स्वाभाविक वाटते, पण तिला सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत. १ जानेवारी १९०६ पासून ब्रिटिश सरकारने ती लागू केली. त्याआधी मुंबईची वेळ वेगळी, मद्रासची वेगळी, कलकत्त्याची वेगळी. मुंबईत नव्या वेळेला कडाडून विरोध झाला. गिरणी कामगारांचं म्हणणं अगदी रोखठोक होतं: घड्याळ ३९ मिनिटं पुढे सरकवलं की भोंगाही तेवढाच आधी वाजणार, आणि अंधारात घर सोडावं लागणार. मुंबई महापालिकेने तर आपली घड्याळं पुढची कित्येक वर्षं ‘मुंबई टाइम’वर ठेवली. स्वातंत्र्य मिळालं तरी त्या शहरात दोन वेळा नांदत होत्या. या भांडणाची हकीकत लोक आता गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत दिसत नाही. सूर्य आपल्या अंगणात किती वाजता येतो हे कोणी ठरवायचं, असा तो प्रश्न होता, आणि तो विचारणारी माणसं पहाटे उठून कामावर जाणारी होती.

खेड्यापाड्यांत असा झगडा झाला नाही, कारण तिथे घड्याळाचं राज्यच उशिरा आलं. दिवसाच्या साठ घटका, एक घटका चोवीस मिनिटांची. लग्नाच्या मांडवात पाण्यावर तरंगणारं तळाशी भोक असलेलं घटिकापात्र. मुरगूडच्या आसपास आजही महिन्याचा एक दिवस चंद्राकडे पाहून ठरतो. अमावास्येला आदमापूरच्या बाळूमामांच्या दर्शनाला जाणाऱ्यांची रीघ लागते. ती तारीख कुठल्याही कचेरीने ठरवलेली नसते.

उज्जैनची वेधशाळा क्षिप्रेच्या काठाजवळ आहे. जयपूरचे सवाई जयसिंह माळव्याचे सुभेदार होते, त्या काळातली. त्यांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा इथे वेधशाळा बांधल्या. मथुरेची आता उरलेली नाही. जयपूरचं सम्राट यंत्र, म्हणजे तिथलं मोठं सूर्यघड्याळ, सर्वांत भव्य, २७ मीटर उंच, आणि २०१० पासून ती वेधशाळा जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे गर्दी असते, छायाचित्रं काढणाऱ्यांची रांग असते. उज्जैनची यंत्रं आकाराने लहान आहेत. पण आपल्या दृष्टीने उज्जैनची गोष्ट जास्त जवळची, कारण तिचा दुसरा जन्म मराठी हातांनी झाला.

भारतीय ज्योतिषात शून्य रेखांश उज्जैनचा. लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी ती रेषा. ग्रंथातलं सगळं गणित तिथून सुरू होतं आणि मग आपापल्या गावासाठी ‘देशांतर’ संस्कार करायचा. पुढे उज्जैन शिंद्यांची राजधानी झाली, मग राजधानी ग्वाल्हेरला गेली आणि यंत्रांची पडझड झाली. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांच्या काळात जीर्णोद्धार झाला, आणि वेधशाळेचे पहिले अधीक्षक झाले गोविंद सदाशिव आपटे. पंचांगाच्या गणितात आयुष्य घालवलेला हा माणूस. ‘सर्वानंदकरण’ हा त्यांचा करणग्रंथ, म्हणजे पंचांगाचं गणित करण्याचं पुस्तक. एखादी जुनी वास्तू डागडुजी करून पाहण्यासाठी खुली करणं वेगळं आणि तिला पुन्हा कामाला लावणं वेगळं. आपट्यांनी दुसरं केलं. मराठी वाचकांना हे नाव फारसं ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिथलं सम्राट यंत्र म्हणजे एक तिरकी भिंत आणि तिच्या दोन्ही अंगांना चतुर्थांश वर्तुळाचे दोन कठडे. भिंतीच्या माथ्यावरून जिना वर जातो. पाहणाऱ्याला आधी जिना दिसतो आणि तो कशासाठी आहे हे कळत नाही. खरं यंत्र आहे ती त्या भिंतीची तिरकी कड. तिचा जमिनीशी कोन उज्जैनच्या अक्षांशाइतका, २३ अंशांहून किंचित जास्त. म्हणजे ती कड पृथ्वीच्या आसाला समांतर आहे, आणि रात्री तिच्या रोखाने पाहिलं तर ध्रुवतारा दिसावा. सकाळी तिची सावली पश्चिमेच्या कठड्यावर पडते, दुपारनंतर पूर्वेच्या. कठडा विषुववृत्ताच्या पातळीत वाकवलेला असल्यामुळे सावली प्रत्येक तासाला सारखंच अंतर कापते.

सावलीच्या कडेवर बोट टेकवून थांबलं की ती सरकताना दिसते. हा अनुभव ज्याने त्याने घ्यावा. पृथ्वी फिरते हे आपण तिसरीत पाठ केलेलं असतं. इथे ते नखाखालून जातं. पण आणखी बारकाईने पाहिलं तर ती कड धारदार नाही, पुसट आहे. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, आणि तेवढा अर्धा अंश सरकायला दोन मिनिटं लागतात. तेवढा पट्टा धूसर राहणारच. यंत्र मोठं केलं म्हणजे हा धूसरपणा जात नाही, तोही मोठा होतो. म्हणून निष्णात निरीक्षक सावलीत बारीक दोरा किंवा काडी धरतात आणि तिच्या पुसट सावलीवरून कडेचा मध्य शोधतात. दगडाच्या एवढ्या डोलाऱ्याला शेवटी एका काडीची साथ लागते.

यंत्राजवळ कोष्टक लावलेलं आहे: उज्जैनच्या वेळेत कोणत्या तारखेला किती मिनिटं मिळवली की घड्याळाची वेळ येते. माझ्या मते त्या आवारातली सर्वांत प्रामाणिक वस्तू ती. उज्जैन प्रमाणवेळेच्या रेषेपासून सरासरी २७ मिनिटं मागे. पण हा आकडा रोज बदलतो. पृथ्वीची कक्षा थोडी लांबट आहे, जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ असते आणि वेगाने धावते, जुलैत दूर असते आणि रेंगाळते. शिवाय तिचा आस साडेतेवीस अंश कललेला. या दोन कारणांनी सूर्याची दुपार वर्षभर मागेपुढे होते: नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं आधी, फेब्रुवारीत चौदा मिनिटं उशिरा, आणि वर्षातून चारदा, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरात, अगदी सरासरीवर. ‘सूर्यघड्याळ चुकतं’ असं लोक म्हणतात. चुकत काहीच नाही. घड्याळाने दिवसांची सरासरी मान्य केली आहे, सूर्याने नाही.

तिथलं शंकुयंत्र आपट्यांच्या मार्गदर्शनाखाली बांधलेलं. मधोमध उभा शंकू, भोवती गोल ओटा, ओट्यावर सात रेषा. सावलीचं टोक डिसेंबरात एका टोकाच्या रेषेवरून चालतं, जूनमध्ये दुसऱ्या टोकाच्या. मधली रेषा सरळ, ती विषुवदिनाची, बाकीच्या वाकड्या. २१ जूनला भर दुपारी सावली जवळजवळ नाहीशी होते, कारण कर्कवृत्त तिथून अगदी जवळ आहे. त्या दिवशी ते पाहायला लोक मुद्दाम येतात. शेजारी नाडीवलय यंत्र आहे, दोन तोंडांचं. सूर्य उत्तर गोलार्धात असेल तर उत्तरेकडची तबकडी उजळते, सहा महिने, मग दक्षिणेकडची. लहान मुलालाही समजेल इतकं सोपं, आणि मोठ्यांनी तासभर पाहत राहावं इतकं सुंदर. शोभा हवी म्हणून तिथे वेगळं काही केलेलं नाही.

याच्या उलट टोकाचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या रेडिंग गावाचं. सॅक्रामेंटो नदीवर वास्तुविशारद सान्तियागो कालात्रावा यांनी २००४ मध्ये पादचारी पूल बांधला. त्याचा २१७ फूट उंच कललेला मनोरा हाच सूर्यघड्याळाचा काटा. पूल देखणा आहे. पण घड्याळ म्हणून तो बरोबर चालतो फक्त २१ जूनला. इतका खर्च, इतकी कल्पकता, आणि उरलेले ३६४ दिवस सावली नुसती पडते. मी शिल्पकारांच्या विरोधात नाही. मला एवढंच वाटतं की सूर्याला साक्षीला बोलवायचं तर त्याचं म्हणणं रोज ऐकून घ्यावं.

आपल्याकडे सूर्याचं ऐकून घेणारी वास्तू शोधायला उज्जैनपर्यंत जायलाही नको. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव हे माझ्या लेखी उलटं सूर्यघड्याळ आहे: इथे सावलीऐवजी उजेड मोजायचा. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुडमंडप, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असा टप्पा टप्पा गाठत गाभाऱ्यात शिरतात आणि देवीच्या चरणांवरून वर चढतात. सूर्य जसा खाली जातो तसा किरणाचा कोन सपाट होतो, म्हणून उजेड आत आत आणि वर वर सरकतो. परंपरेने पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मध्यभाग, तिसऱ्या दिवशी मुख. आणि तारखा पाहा: डिसेंबरच्या अयनदिनाच्या ४१-४२ दिवस आधी एकदा, तेवढेच दिवस नंतर एकदा. दोन्ही वेळी सूर्य विषुववृत्ताच्या १७ अंश दक्षिणेला असतो आणि क्षितिजावर त्याच जागी मावळतो. जाताना एकदा, येताना एकदा.

या सोहळ्याच्या वाटेत महाद्वार रस्त्यावरच्या इमारती येतात, क्षितिजावरचं धुकं आणि धूळ येते. एखाद्या वर्षी किरणं गुडघ्यापर्यंत येऊन विरतात आणि शहर हळहळतं. अडथळ्यांची मोजणी झाली आहे, काही दूरही केले गेले. एका लांबलचक रेषेत आभाळ मोकळं ठेवणं ही शहराची जबाबदारी आहे, असं कोल्हापूर मानतं. हे मला फार मोलाचं वाटतं. नगररचनेच्या कुठल्याही पुस्तकात ते शिकवत नसतील.

दुसरी वास्तू शिरोळ तालुक्यात, खिद्रापूरची. कृष्णाकाठचं कोपेश्वराचं देऊळ, शिलाहारांच्या काळातलं. त्याच्या स्वर्गमंडपाला छताच्या मध्यभागी मोठं गोल भोक आहे आणि त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र त्या भोकातून थेट शिळेवर उतरतो म्हणून लोक जमतात. याचं गणित मला समजलं तेव्हा मी थक्क झालो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. कार्तिकी पौर्णिमेला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला १५ ते २२ अंशांवर, म्हणून चंद्र उत्तरेला साधारण तेवढ्याच अंशांवर. खिद्रापूरचा अक्षांश १६.७. म्हणजे मध्यरात्री चंद्र जवळजवळ माथ्यावरच येणार! चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्यामुळे काही वर्षी तो थोडा सरकलेला दिसतो, काही वर्षी अगदी मधोमध. छत मुद्दाम मोकळं ठेवलं की ते काम अपुरं राहिलं, यावर अभ्यासकांनी वाद घालावा. पौर्णिमा कार्तिकाची निवडली गेली, यात मात्र कुणीतरी वर पाहत होतं एवढं निश्चित. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी त्याच भोकाखाली उभं राहिलं तर चंद्राच्या जागी सूर्य असतो.

मुरगूडही याच पट्ट्यातलं. अक्षांश १६.४. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इथे एकेक दिवस असा येतो की उभ्या काठीची सावली दुपारी पायातच लपते. मधले तीन महिने सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो आणि दुपारची सावली दक्षिणेला पडते. युरोपात हे कधीच घडत नाही. तिथल्या बागांत उभ्या असणाऱ्या पितळी त्रिकोणाच्या घड्याळांची नक्कल इथे का चालत नाही, याचं उत्तर त्यात आहे. लंडनच्या आडव्या घड्याळावर बारा ते एक या तासाला सुमारे १२ अंशांची जागा मिळते. मुरगूडच्या अक्षांशासाठी हिशेब केला तर अवघी सव्वाचार अंशांची! दुपारच्या रेषा एकमेकींना खेटून बसतात, आणि संध्याकाळी पाच ते सहा या एकाच तासाला ४३ अंश मिळतात. कॅटलॉगमधून मागवलेलं शोभेचं घड्याळ इथे ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापाची कोल्हापुरी चप्पल विकत घेणं.

म्हणून मुरगूडला हवं ते नाडीवलय. ज्याची तबकडी विषुववृत्ताच्या पातळीत तिरकी बसवलेली आणि काटा १६ अंश २४ कलांनी उत्तरेकडे उचललेला. मग प्रत्येक तासाला नेमके पंधरा अंश मिळतात, शाळेतल्या कोनमापकाने आखता येतील असे. मला जागाही दिसते: कागलच्या घाटगे घराण्यातल्या सर पिराजीरावांच्या नावाच्या तलावाचा काठ, जिथे आभाळ मोकळं मिळतं. काळा पाषाण आमच्याकडे मुबलक आहे, पण तबकडीला तो नको. काळ्यावर सावली दिसत नाही, आणि जयसिंहांच्या गवंड्यांनीही सावलीसाठी फिकट पृष्ठभागच वापरला. चौथरा काळा, तबकडी पांढरी. दोन्ही बाजूंना आकडे हवेत, कारण मार्च ते सप्टेंबर वरची बाजू उजळेल आणि उरलेले महिने खालची. हे विसरलं तर दिवाळीत घड्याळ कोरं दिसेल.

उत्तर दिशा होकायंत्राने ठरवू नये. लोखंडी सळया जवळ असल्या की ते फसवतं. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात दिलेली रीत पुरेशी आहे. सपाट जमिनीवर काठी उभी करायची, तिच्याभोवती वर्तुळ काढायचं, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल तिथे खूण करायची, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. यज्ञवेदीसाठी वापरलेली ही दोरी-खुंटीची भूमिती आजही तेवढीच अचूक आहे.

चौथऱ्यावर नगरसेवकांची नावं कोरायला माझी हरकत नाही, पण त्याआधी कोष्टक कोरावं. मुरगूडसाठी ते असं येतं: १ नोव्हेंबरला सावलीच्या वेळेत १७ मिनिटं मिळवा, २५ डिसेंबरला ३३, ११ फेब्रुवारीला ४७, १५ एप्रिलला ३३, मेच्या मध्याला साधारण साडेएकोणतीस, जुलैच्या अखेरीला साडेएकोणचाळीस, १ सप्टेंबरला पुन्हा ३३. याची मधली मिनिटं मुरगूडच्या शाळेतली मुलं स्वतः भरू शकतील. मे महिन्यातला बिनसावलीचा दिवस सुट्टीत येतो आणि ऑगस्टमधला पावसात, ही अडचण खरी. त्यासाठी विषुवदिनाचा, म्हणजे २० मार्च किंवा २३ सप्टेंबरचा, निरभ्र दिवस घ्यावा. एक मीटरची सरळ काठी, ओळंबा, मोजपट्टी. मार्चमध्ये १२ वाजून ४० मिनिटांनी, सप्टेंबरात १२ वाजून २५ मिनिटांनी सावली मोजायची. ती २९ सेंटिमीटरच्या थोडी वर भरली पाहिजे; २९.४ ला १०० ने भागून आलेली संख्या ज्या कोनाची टॅन्जंट आहे तो कोन काढला की १६.४ अंश मिळतात, मुरगूडचा अक्षांश. हीच काठी त्याच वर्षी २१ डिसेंबरला पुन्हा उभी करावी, सावली ८३ सेंटिमीटर भरेल. दोन्ही आकडे चौथऱ्यावर लिहून ठेवायला जागा आहेच.